कावडीचा सोमवार आणि बॅगेतली लेन्स

रात्री २.००

श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे अकोल्याची कावड. गांधीग्रामला, म्हणजे जुन्या वाघोलीला, पूर्णेचं पाणी भरायचं आणि साधारण अठरा किलोमीटर अनवाणी चालत येऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला वाहायचं. १९४४ च्या दुष्काळापासून ही रीत सुरू झाली असं सांगतात. रविवारी रात्री निघालेल्या कावडी सोमवारी पहाटेपासून शहरात शिरतात. एका मंडळाने त्यांच्या कावडीचे फोटो काढायची ऑर्डर दिली आहे, त्यामुळे उजाडायच्या आत अकोल्यात उभं राहायचं आहे. मी अमरावतीचा, त्यातून स्टुडिओवाला. रात्र उरलेलीच नाही.

टेबलावर निकॉनची डी ७५० बॉडी आहे. २०१४ चं मॉडेल, म्हणजे आमच्या धंद्यात म्हातारं. तिच्याशेजारी ३५ एमएम, ५०, ८५, एक २४-१२० आणि सत्तर-दोनशे. शेवटची एकटीच दीड किलोची. बॅग भरताना प्रत्येक लेन्स आपली वकिली करते. एखादा चेहरा लांबून हेरला तर? मंदिराच्या दारात पोलिसांनी पुढे जाऊ दिलं नाही तर? बॅग जड होते ती या ‘तर’मुळे. बॅग भरताना डोळ्यांसमोर फोटो कमी आणि संकटं जास्त असतात.

मी ३५ बॉडीवर चढवली, ५० खिशात टाकली. स्टुडिओतला पोरगा सोबत येतो, त्याच्या कॅमेऱ्याला २४-१२० दिली. बाकीच्या कपाटात.

“भाऊ, सत्तर-दोनशे घेऊन घ्या ना,” तो म्हणाला.

“काहून?”

“गर्दी राह्यते लय. जवळ जाता येत नाही.”

“जवळ नाही गेलं तं कावडीचा फोटो कायचा बापा?”

तो गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. मलाही अर्धंच पटलं होतं. गाडीत बसेपर्यंत कपाटाची किल्ली खिशात चाचपत होतो.

पहाटे ३.००

बडनेरा मागे पडलं की रस्ता मोकळा. हा अमरावती-अकोला रस्ता एके काळी कंबर मोडायचा. मग २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माणा दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आता गाडीत हातातला चहा सांडत नाही आणि गप्पाही तुटत नाहीत. आमच्या गप्पा एकाच विषयावर: मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले नवे कॅमेरे. पोरगा मोबाइलवर पाहिलेलं सगळं सांगतो. डोळा ओळखून फोकस धरणारा कॅमेरा, सेकंदाला तीस फोटो, अंधारात मांजर पकडणारा सेन्सर. मी ऐकतो आणि खरं सांगायचं तर मलाही मजा येते. सुताराला रंध्याबद्दल बोलायला आवडतं, शेतकऱ्याला ट्रॅक्टरबद्दल. अवजाराची आवड असल्याशिवाय कारागीर होत नाही. ती आवड कोणत्या वेळेला बोलते, एवढंच पाहायचं. गाडीत दोन तास कॅमेऱ्याचे. अकोल्यात उतरलो की बंद.

मूर्तिजापूर आलं की मला शकुंतला आठवते. यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी ती नॅरोगेज गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं आणि आता गाडीच धावत नाही. वाफेच्या काळात ज्यांनी तिचे फोटो काढले त्यांच्याकडे आजच्या मानाने खेळण्यासारखी यंत्रं होती. फिल्मवर छत्तीस फोटो, हाताने फोकस, प्रकाशाचा अंदाज डोळ्याने. आज दुकानात मिळणारा सगळ्यात महागडा कॅमेरा घेऊन मूर्तिजापूरच्या फलाटावर उभं राहा, तो धूर मिळणार नाही. कॅमेरा दर वर्षी सुधारतो. समोरची गोष्ट मात्र आपल्यासाठी थांबून राहत नाही.

“म्हणजे जे आहे ते आत्ताच काढून घ्याचं,” पोरगा म्हणाला.

“हाव. अन् आहे त्याच कॅमेऱ्यानं.”

पहाटे ५.१५

अकोट फैल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव, बाकांवर केळी, पाण्याचे ड्रम. आधी आवाज येतो. ‘हर्र बोला महादेव’ची एक हाक उठते, मागून शेकडो गळे ती उचलतात, आणि कितीतरी वेळाने दिवे दिसू लागतात.

सेटिंग आधीच करून ठेवलं आहे: आयएसओ ६४००, अ‍ॅपर्चर १.८, शटर १२५. मॉनिटरचा उजेड अगदी कमी केला आहे. त्या चमकत्या चौकोनात एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा आंधळा होतो, आणि तेवढ्या वेळात कावड पुढे जाते.

पहिली कावड आली. जाड बांबूंची चौकट आणि तिला दोरांनी बांधलेले भरणे. पाण्याच्या या धातूच्या कलशांना इथे भरणेच म्हणतात, आणि कुठलं मंडळ किती भरण्यांची कावड काढतं याची गावात चर्चा असते. बांबूखाली खांद्यांवर दुपट्ट्याच्या घड्या. त्या घामाने आणि सांडलेल्या पाण्याने काळ्या पडलेल्या. पायांना चिकटपट्टी, काहींच्या टाचांना जुन्या कापडाची चिंधी. एक म्हातारी घराच्या ओट्यावरून उतरली आणि रस्त्यावर बादली रिकामी केली, येणाऱ्यांचे तळपाय थंड व्हावेत म्हणून.

मला हवा होता खांदेपालट. चालत्या कावडीखालचा एक जण मान वाकवून बाहेर निसटतो आणि त्याच्या जागी दुसरा घुसतो. त्या क्षणी बांबू जरा खाली बसतो, शेजारच्या दोघातिघांच्या माना ताणतात, आणि आत येणाऱ्याचा चेहरा अजून ताजा असतो. निघणारा थकलेला आणि शिरणारा ताजा, दोन्ही चेहरे एका चौकटीत आले तर कावड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ३५ एमएमवर त्यासाठी दोन हातांच्या अंतरावर राहावं लागतं, कावडीच्या पुढे उलट्या पावलांनी चालत. घोषणा देणाऱ्याचा श्वास कानावर येतो. मागून पोरगा माझा शर्ट धरून दिशा देतो, “डावीकडे, भाऊ, खड्डा हाये.” इतक्या जवळ आलेल्या माणसाला गर्दी आपोआप सामावून घेते. लांबून झूम रोखलेल्याकडे बोट दाखवतात.

या अर्ध्या तासात कॅमेऱ्याचं नाव मनात येत नाही. बटणं कुठे आहेत ते बोटांना माहीत असतं. जुन्या यंत्राचा हाच मोठा गुण. नवं घेतलं की महिनाभर बोटं शाळेत जातात, आणि ती शाळा कावडीच्या पहाटे भरवायची नसते.

सकाळी ७.००

पाऊस आला. किराण्याच्या पातळ पिशवीला भोक पाडून लेन्सवर रबरबँडने बसवली. दुकानात याचं खास कव्हर मिळतं, पण पिशवी पुरते. ढगांमुळे उजेड मऊ झाला, ओला रस्ता आकाश दाखवू लागला, गुलालाचे ओघळ गालांवरून उतरले. असा उजेड मिळतो तो थोडा वेळ. पाऊस थांबला की ढग फाटतात आणि ऑगस्टचं ऊन कपाळावर सावल्या पाडतं. म्हणून या वेळात लेन्स बदलायचीही नाही. ओल्या हवेत बॉडी उघडी पडली की सेन्सरवर थेंब जाण्याची भीती, आणि बदलाबदलीच्या मिनिटात समोरून तीन कावडी जातात.

पोरगा मात्र टिळक रोडवर एका दुसऱ्या फोटोग्राफरच्या नव्या मिररलेसमध्ये डोळा घालून उभा राहिलेला सापडला. मागून गर्दी सरकत होती. मी काही बोललो नाही. त्याच्या वयात कोणी असा कॅमेरा हातात दिला असता तर मीही तिथेच खिळलो असतो.

सकाळी ९.३०

सिटी कोतवालीजवळच्या मांडवात साबुदाण्याची उसळ आणि चहा. पैसे कोणी घेत नाही. शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं, “कोन्त्या पेपरचे?” कोणत्याच नाही म्हटल्यावर त्यांचा रस कॅमेऱ्यात उतरला. “कितीचा हाये जी?”

हा प्रश्न विदर्भात फोटोग्राफरला नमस्कारासारखा भेटतो. उत्तर दिलं की दोनच शक्यता: किंमत जास्त वाटली तर फोटो चांगले येणारच, कमी वाटली तर येतील कसे? पोराने छाती फुगवून आकडा सांगितला, जरा वाढवूनच.

मी त्याला अकोल्याच्याच एका माणसाबद्दल सांगितलं. सुधारक ओलवे. १९६६ साली अकोल्यात जन्मले, मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढले आणि मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या आयुष्यावर वर्षानुवर्षं काम केलं, तेही कृष्णधवल. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस त्यांनी शहराला दाखवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहताना कोणाला लेन्स आठवत नाही, त्या माणसाचे डोळे आठवतात. असा फोटो दुकानातून मिळत नाही. त्या वस्तीत पुन्हा पुन्हा जावं लागतं, लोकांनी ओळखावं लागतं, त्यांच्याकडचा चहा प्यावा लागतो.

“पण त्यायच्याजवळ कॅमेरा चांगलाच असन ना?” पोराने विचारलं.

“असन की. अन् चालाले पायही चांगले असतीन.”

सकाळी ११.००

आमच्या मंडळाची कावड मोर्णेचा पूल ओलांडून जयहिंद चौकात आली. इथे आता काम ठरलेलं: बॅनरसाठी रुंद फोटो, अध्यक्षांचा फोटो, पहिल्या बांबूला खांदा दिलेल्या सर्वांचा फोटो, आणि कोणाचाही चेहरा सुटता कामा नये. पोराची २४-१२० इथे कामाला आली. उंच ओट्यावर चढून त्याने पूर्ण कावड एका चौकटीत घेतली, मी खाली चेहरे घेतले. ज्या कामाला जी लेन्स हवी ती हवीच. झूमला नाक मुरडणारे लोकही मला तितकेच विचित्र वाटतात जितके झूमवर जीव टाकणारे. दोघांच्याही बोलण्यात फोटो उशिरा येतो.

दुपारी २.००

अमरावती. राजकमल चौकाच्या आसपास कॅमेरे दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. दुपारची ही वेळ आमच्या हौसेची. दोन ते चार खुशाल कॅमेऱ्यांवर बोलायचं, जुनी लेन्स डोळ्याला लावायची, सेकंडहॅंड बॉडीचा शटर काउंट विचारायचा. वेळ ठरवून दिली की हौस दिवसभर पदर ओढत नाही.

चाचांच्या हातात कोणाची तरी महागडी ८५ होती. त्यांनी टॉर्च तिरपा धरून दाखवलं: आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू. बुरशी. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढला की ती धरते. तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं आणि मग पुसूनही डाग जात नाही. “ही लेन्स पेटीतून निघालीच नाही,” चाचा म्हणाले. “लग्नाच्या सीझनात घेतली, मग चामड्याच्या खोळीत. चामडं ओल धरतं. रोज बाहेर निघणाऱ्या लेन्सला सहसा असं होत नाही. हवा लागते, ऊन लागते.”

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वऱ्हाडात बुरशीचं नाव कोणी काढत नाही. कॅमेरा गाडीत ठेवायचा नाही एवढीच काळजी. पण जुलै-ऑगस्टची दमट हवा कपाटात कोंडलेल्या काचेला बरोबर शोधते. माझ्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून परत निळे करायचे. तरीही चाचांचा उपाय सगळ्यात सोपा: वापर. घेतलेली वस्तू वापरली नाही तर ती नुसती पडून राहत नाही, खराब होत जाते. ‘कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेल्या लेन्सचं काय होतं हे त्या टॉर्चच्या उजेडात दिसतं.

दुपारी ४.३०

स्टुडिओत एक मुलगी पासपोर्ट साइझ फोटोसाठी आली. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पाठ. ३०० डीपीआयने हिशोब केला तर हा फोटो म्हणजे जेमतेम २ लाख २० हजार पिक्सेल. कॅमेरा देतो दोन कोटी बेचाळीस लाख. लग्नाच्या अल्बममधला १२ बाय १८ इंचांचा मोठा फोटो घेतला तरी त्याला एक कोटी ९४ लाख पुरतात. आणि लोक प्रत्यक्षात फोटो पाहतात कुठे? व्हॉट्सॲपवर, जिथे साधा पाठवलेला फोटो लांबीला सोळाशे पिक्सेलच्या आसपास येऊन बसतो.

नवा कॅमेरा घ्यावासा वाटला की मी हा हिशोब काढतो. पिक्सेल वाढवून माझ्या गिऱ्हाइकाला काय मिळेल? काही नाही. मात्र त्या मुलीला जरा हसवलं, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली आणि लाइट थोडा बाजूला सरकवला, तर कुठल्याही अर्जावर तो फोटो चिकटवताना तिला लाज वाटणार नाही.

संध्याकाळी ६.३०

राजापेठकडच्या एका हॉलमध्ये डोहाळजेवण. आणि इथे नेमकं उलट घडतं.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण फोटोग्राफरच्या तोंडावर लोक नेहमी फेकतात. पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. छताला गुलाबी पीओपी, त्यात लपवलेले पिवळे दिवे, स्टेजमागे जांभळा एलईडी. छतावर फ्लॅश मारला तर नवरीमुलीसारख्या सजवलेल्या त्या बाईचा चेहरा गुलाबी येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी १८-५५ लेन्स इथे ५५ वर ५.६ च्या पुढे उघडत नाही. १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते. हा फरक कौशल्याने भरून निघत नाही. इथे ५० हवीच, आणि छत्री लावून बाजूला उभा केलेला एक फ्लॅशही हवा. तो फ्लॅश मी घेतला तोही अशाच हॉलांमध्ये काम करून करून गरज कळल्यावर.

फुलांचे दागिने, ओटी, गाणी झाली. मग दोन झाकलेल्या वाट्या समोर आल्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिने एकीला हात लावला, मग हात मागे घेतला, मग दुसरी उचलली. सगळ्या बाया ओरडल्या. फोटो वाटीचा नव्हताच. तिच्या मागे बसलेल्या सासूने त्या सेकंदाला डोळे मिटले होते, तो होता. फ्लॅश, छत्री, १.८ ही सगळी तयारी तेवढ्यासाठी.

रात्री १०.००

दोन्ही कार्डं कॉम्प्युटरवर उतरवली, एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट मारायचं नाही. चांगले वेगळे काढताना मी एक काम करतो, आणि पोरालाही सांगितलं आहे: निवडलेल्या फोटोंना लेन्सप्रमाणे गाळून पाहायचं. फोटोच्या पोटात कॅमेरा सगळं लिहून ठेवतो. कोणती लेन्स, किती शटर, किती वाजता. माझ्या निवडीतला मोठा वाटा ३५ चा निघाला, त्याखालोखाल ५०. आवडीनिवडीवर वाद घालण्यापेक्षा ही यादी बरी. ज्या लेन्सने निवडीत वर्षभर तोंड दाखवलं नाही ती भाड्याने जाते किंवा विकली जाते.

त्याच्या जोडीला एक वही आहे. त्यात काय सुटलं ते लिहायचं, आणि कशामुळे सुटलं तेही. ‘लेन्स नव्हती’, ‘उशीर झाला’, ‘धीर झाला नाही’, ‘उजेड नव्हता’. खरेदीची यादी या वहीतून निघते, मोबाइलवरच्या व्हिडिओतून नाही. ‘लेन्स नव्हती’ हे कारण एकाच प्रकारच्या कामात पुन्हा पुन्हा आलं तर लेन्स घ्यायची, मनात संकोच न ठेवता. एकदाच आलं असेल तर ती लहर.

आजच्या पानावर पोराने लिहिलं: पूर्णेवर पाणी भरताना कोणीच नव्हतं.

त्याचं बरोबर होतं. आमच्या सगळ्या फोटोंत कावड आधीच भरलेली आहे. रात्री नदीच्या काठावर भरणे बुडवताना, पहिल्यांदा खांद्यावर घेताना, पहिल्या किलोमीटरची मस्ती, गाडी न आलेल्या त्या रस्त्यावरचा अंधार, यातलं काही नाही. कुठल्याही लेन्सने ते मिळालं नसतं, कारण आम्ही तिथे नव्हतो.

“पुढच्या वर्षी गांधीग्रामपासून चालत येऊ,” मी म्हटलं.

“मंग रविवारी दुकान बंद ठेवा लागन, भाऊ. रविवारचा धंदा जाईन.”

“जाऊ दे. हिशोबात तो खर्च कॅमेऱ्याच्या खात्यावर टाक.”